उन्हाळा आणि जुने इंजिन

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो, तेव्हा दीड-दोन लाख किलोमीटर धावलेल्या मोटारीच्या इंजिनाची खरी कसोटी लागते. रेडिएटरमध्ये सतत नळाचे पाणी भरल्यास क्षार साचतात, गंज चढतो आणि उष्णता बाहेर पडत नाही. अखेर हेड गॅस्केट जळते व शेकड्यांत भागणारा खर्च हजारांवर जातो. म्हणून उन्हाळ्यापूर्वीच कूलंट, होज, पंखा व रेडिएटरचे झाकण तपासून घ्यावे. झिजलेले इंजिन ऑइल अधिक खाते. त्याची पातळी दर आठवड्यास पाहावी. धुळीने कोंदलेला एअर फिल्टर बदलावा. तापमानाचा काटा चढताच गाडी थांबवावी. तापलेले झाकण मात्र उघडू नये. अशी निगा राखल्यास १५ वर्षांनंतर नोंदणी-नूतनीकरणाच्या तपासणीला जुनी गाडीही निर्धास्तपणे सामोरी जाऊ शकते.