चालत्या वाटसरूसाठी चित्र

इ. स. १९९९ मध्ये डोंबिवलीच्या श्री गणेश मंदिर संस्थानाने गुढीपाडव्यास नववर्ष स्वागतयात्रा काढली. आबासाहेब पटवारी यांच्या कल्पनेतून साकारलेली ही प्रथा पुढे ठाणे, कल्याण आणि महाराष्ट्रातील अनेक शहरांत रुजली. पाणी, स्वच्छता, पर्यावरण असे विषय चित्ररथांच्या रूपाने रस्त्यावर आले. पाडव्यानंतर सुमारे बारा दिवसांनी, चैत्र शुद्ध त्रयोदशीस, भगवान महावीरांचे जन्मकल्याणक येते. तेव्हा वरघोड्यातील फलक आणि चित्ररथ याच शहरांतील रस्त्यांवरून जातात. ते पाहणाऱ्यांत जैनेतर बांधवच अधिक असतात. त्यांच्यापर्यंत नेमके काय पोहोचते, याचा विचार प्रत्येक संघाने करावयास हवा.

पुष्कळदा फलकावर दात्यांची नावे, समितीची छायाचित्रे आणि कार्यक्रमपत्रिका यांचीच दाटी होते. अहिंसेचा संदेश एका कोपऱ्यात राहतो. स्टेशनकडे निघालेला नोकरदार फलकाकडे फार तर दोन-तीन क्षण पाहतो. तेवढ्या वेळात नावे वाचून होत नाहीत. चित्र मात्र मनात उतरते.

चित्रांतून बोलण्याची कला जैन समाजास नवी नाही. चातुर्मासासाठी आचार्यांना पाठविल्या जाणाऱ्या विज्ञप्तिपत्रांत नगरातील रस्ते व बाजार रंगविलेले असत. इ. स. १६१० च्या आग्रा येथील प्रसिद्ध विज्ञप्तिपत्रात उस्ताद शालिवाहन या चित्रकाराने जहांगीर बादशहाचा दरबार आणि पर्युषणातील जीवहत्याबंदीच्या फर्मानाचा प्रसंग रेखाटला आहे.

याहून सोपा नमुना म्हणजे मंदिरांच्या भिंतींवर दिसणारा लेश्यावृक्ष. जांभळाने लगडलेले एक झाड आणि भुकेलेले सहा जण. पहिला झाड मुळासकट तोडू पाहतो, दुसरा मोठ्या फांद्या, तिसरा लहान डहाळ्या, चौथा घोस, पाचवा केवळ पिकली फळे. सहावा खाली पडलेली जांभळे वेचतो. भूक सर्वांची सारखीच, भाव मात्र निरनिराळे. एक अक्षरही न वाचता मुलालासुद्धा हे उमगते. वृक्षतोड आणि पाणीटंचाई अनुभवणाऱ्या नागरिकास तर हे चित्र आजचेच वाटेल.

नवे चित्र सुचविताना हीच कसोटी लावावी. आधी सांगावयाची एकच गोष्ट एका वाक्यात लिहावी. मग ती रोजच्या व्यवहारातील वस्तूत शोधावी: उघडा राहिलेला नळ, ताटात टाकलेले अन्न, खिडकीतील पाण्याची वाटी. कच्चे रेखाटन भिंतीस लावून दहा पावलांवरून पाहावे, आणि समाजाबाहेरच्या एखाद्या व्यक्तीस त्याचा अर्थ विचारावा. समजावून सांगावे लागले, तर चित्र बदलावे. शब्द चार-पाचच, ठळक मराठीत असावेत. फलक लावण्यापूर्वी महानगरपालिकेची परवानगी घ्यावी. १९९५ च्या विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्याचे भान अहिंसेच्या प्रचारकांनी तरी राखलेच पाहिजे.

राहिला प्रश्न दात्यांच्या नावांचा. दात्यांविना उत्सव होत नाही, हे खरे. त्यांची नोंद संघाच्या वहीत आणि पत्रिकेत आदराने व्हावी. रस्त्यावरची जागा मात्र संदेशासाठी मोकळी ठेवावी. पेढीवर मालाचा दर्जा बोलतो, हे व्यापारी कुटुंबांस सांगावयास नको. अपरिग्रहाचा आरंभ फलकावरील आपल्या नावापासूनही होऊ शकतो.