मातीची भिंत पाणी कशी अडवते?

जुलै २०१९च्या सुरुवातीला भोकरदन तालुक्यातल्या धावडा-शेलूद पट्ट्यात दमदार पाऊस झाला आणि शेलूदचे धामणा धरण झपाट्याने भरले. जिथे उन्हाळा टँकरची वाट पाहण्यात जातो, तिथे याहून मोठा आनंद कोणता? पण धरणातून पाणी गळताना दिसले आणि खालच्या गावांची झोप उडाली. २ जुलैच्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटून वीसहून अधिक माणसे गेली होती. गळते आहे म्हणजे आता फुटणार, असे त्या दिवसांत कोणालाही वाटले असते.

भीती खरीच होती. पण मातीच्या धरणाचे एक सत्य त्याहून विलक्षण आहे : मातीचे प्रत्येक धरण पाझरते. अगदी मजबूत धरणही. आत शिरलेल्या पाण्याला सुरक्षित वाट देऊनच ते उभे राहते.

आधी भिंतीवरचा भार पाहू. दहा मीटर खोल पाण्याच्या तळाशी प्रत्येक चौरस मीटरवर दहा टनांचा दाब असतो. मागे जलाशय दोनशे मीटर पसरलेला असो की दहा किलोमीटर, त्या दाबात काडीचाही फरक पडत नाही. तो ठरतो फक्त खोलीवर. म्हणून तर माणसाला अख्खी नदी मातीने अडवता येते.

या भिंतीच्या पोटात थर असतात. मधोमध काळ्या चिकणमातीचा गाभा. तो जमिनीखालीही खोदलेल्या चरातून पक्क्या थरापर्यंत उतरवलेला असतो. दोन्ही अंगांना मुरूम, कारण वजन आणि आधार तो देतो. पाण्याच्या बाजूला लाटा झेलणारे दगडी पिचिंग. चिकणमातीचे कण मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही बारीक असतात. नीट दाबलेल्या चिकणमातीतून पाणी वर्षाकाठी जेमतेम काही सेंटीमीटर सरकते. शेतात आपली पावले धरून ठेवणारी माती इथे तलाव धरून ठेवते.

नीट दाबण्यातही एक गंमत आहे. लॉस एंजेलिसच्या पाणीपुरवठा विभागातले अभियंता राल्फ प्रॉक्टर यांनी १९३३मध्ये दाखवून दिले, की माती सर्वांत घट्ट बसते ती एका ठरावीक ओलीलाच. पोळीच्या कणकेसारखेच हे : पाणी कमी पडले तर ती तुटते, जास्त झाले तर सैलावते. म्हणजे पाणी अडवणारी भिंत घडवायलाही पाणी लागते, तेही मोजून.

तरीही थोडे पाणी गाभ्यातून पार होतेच. त्याच्यासाठी गाभ्यामागे वाळूची गाळणी असते. तिचे गणित मृदा यांत्रिकीचे जनक कार्ल टेर्झागी यांनी मांडले. वाळूच्या कणांमधली फट इतकीच ठेवायची, की पाणी निघून जाईल, पण मातीचे जाडसर कण अडकतील. ते अडकले की त्यांच्यामागे मध्यम कण अडकतात, मध्यमांमागे बारीक. गाळणीच्या तोंडाशी माती स्वतःच आणखी एक गाळणी रचते! पाणी बाहेर पडते, माती जागच्या जागी राहते. हे निवळ पाणी पायथ्याच्या नालीतून वाहून जाते.

धोका सुरू होतो तो हे पाणी कण घेऊन निघाले की. एक कण सुटला, की पाण्याची वाट तेवढी आखूड होते. वाट आखूड झाली की वेग वाढतो, आणि वाढलेला वेग आणखी कण सोडवतो. भिंतीच्या कोरड्या बाजूला सुरू झालेले छिद्र असे उलट दिशेने, जलाशयाकडे कोरत जाते. ५ जून १९७६ रोजी अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात टीटन धरणावर सकाळी गढूळ गळती दिसली आणि दुपारचे बारा वाजण्याआधी ते प्रचंड धरण फुटले.

म्हणून पाझर रोज पाहायचा. आधी त्याचा रंग, मग त्याचे प्रमाण. नालीत इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची खाच असलेली पट्टी बसवतात. काटकोनी खाचेतल्या पाण्याची उंची दुप्पट झाली, तर प्रवाह साडेपाच पटींहून अधिक झालेला असतो. डोळ्यांना क्षुल्लक वाटणारा फरक ही साधी पट्टी ठळक करून दाखवते.

धरणाचा दुसरा शत्रू माथ्यावरून येतो. मातीच्या भिंतीवरून पाणी वाहू लागले, की ते ती कापत सुटते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, तेव्हा जवानांनी वाळूची पोती रचूनही खचत चाललेली भिंत वाचली नाही, आणि पुणे पाण्याखाली गेले. म्हणून जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या सांडव्याची वाट मोकळी राहिलीच पाहिजे. आतल्या पाझराला नवी वाट मिळू नये म्हणून भिंतीवरच्या बाभळीही काढल्याच पाहिजेत, कारण कुजलेले मूळ मागे पोकळी सोडते. घुशींची बिळेही वेळीच बुजवायला हवीत.

महाराष्ट्रात देशातली सर्वाधिक मोठी धरणे आहेत. त्यांच्या तपासणीसाठी नाशिकला धरण सुरक्षितता संघटना आहे, आणि २०२१चा धरण सुरक्षा कायदा पावसाळ्याआधी व नंतर पाहणी बंधनकारक करतो. पण तो कायदा पंधरा मीटरांहून उंच आणि काही अटींवर दहा ते पंधरा मीटर उंचीच्या धरणांसाठी आहे. गावोगावचे लहान पाझर तलाव त्याच्या बाहेर राहतात.

तिथे गावाची नजर हाच पहारा. पाझराचे पाणी काचेच्या पारदर्शक बाटलीत भरावे आणि थोडा वेळ स्थिर ठेवावे. तळाशी माती बसली, ओल नव्या जागी दिसली किंवा पाऊस नसताना धार वाढली, तर त्याच दिवशी तहसील आणि पाटबंधारे कार्यालयाला कळवावे. ग्रामसभेत नळाच्या वेळा विचारतो, तशाच धरणाच्या पाझराच्या नोंदीही मागाव्यात. ज्या भिंतीमुळे घागर भरते, तिची विचारपूस करण्याचा हक्क त्या घागरीच्या धन्याचा आहे.