उरल्या कापडाची शुभेच्छापत्रं

मैत्रिणींनो, ब्लाउज शिवून आणला की शिंपी पिशवीत आणखी काय काय घालून देतो, हे कधी नीट पाहिलंत? काठाचा उरलेला तुकडा, चार बोटं अस्तर, थोडी लेस, कधी एखादा सुटा लटकनसुद्धा! आपण ती पुरचुंडी शिवणाच्या डब्यात कोंबतो आणि दिवाळीच्या साफसफाईत टाकून देतो. पण त्या पुरचुंडीत दोन-तीन सुरेख शुभेच्छापत्रं दडलेली असतात बरं का!

तुम्ही म्हणाल, हल्ली कार्डं पाठवतंय कोण? सकाळी मोबाइल उघडला की पन्नास पणत्या आणि पन्नास गुलाब आलेले असतात. खरं आहे. पण त्यातला कोणता गुलाब कुणाचा, हे संध्याकाळी आठवतं का? तसं पाहिलं तर घाईचं दुखणं कार्डाला जन्मापासूनचंच आहे. १८४३ साली लंडनच्या हेन्री कोल या गृहस्थांना नाताळात सगळ्यांना पत्रं लिहायला सवड मिळेना. मग त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र काढून घेतलं आणि हजारभर कार्डं छापली. विक्रीसाठी निघालेलं पहिलं नाताळकार्ड ते हेच. किंमत एक शिलिंग. पुढे पहिल्या महायुद्धात, म्हणजे १९१४ ते १९१८ या काळात, फ्रान्समध्ये लढणारे सैनिक घरी कार्डं धाडत. त्यात रेशमी कापडावर भरतकाम केलेली कार्डं फार लोकप्रिय होती. म्हणजे बघा, सवड नव्हती तेव्हा छापील कार्ड निघालं. पण जिथे जीव अडकला होता, तिथे सुई-दोराच लागला!

फॅशन कशासाठी?

फुलं, पणत्या, मोर हे कोणत्याही वर्षी चालतात. फॅशनचं तसं नाही, तिच्यावर सालाचा शिक्का असतो. १९७३ साली ‘बॉबी’ आला आणि ठिपक्यांच्या कापडाची लाट आली. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’नंतर जांभळ्या साडीचं वेड किती लग्नांत दिसलं! अलीकडे खणाचंच बघा. एकेकाळी खण म्हणजे चोळीपुरता. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण आपल्या घराघरांत ओटी भरायला असायचा. गेल्या काही वर्षांत मात्र त्याच्या अख्ख्या साड्या, पर्सेस, मुलींचे फ्रॉक, सगळं काही निघालं. कच्छच्या अजरखचा गडद निळा आणि विटकरी लाल असाच घरोघरी पोचला.

तेव्हा ज्या वर्षी जे अंगावर मिरवलं, त्याचा तुकडा कार्डावर लावा. दहा वर्षांनी ते कार्ड हातात आलं की, ‘अगंबाई, तुझ्या मंगळागौरीचा ब्लाउज ना हा!’ असा उद्गार निघालाच म्हणून समजा.

एक पथ्य मात्र पाळा. एका कार्डावर एकच फॅशन घ्या. काठ तरी, रंग तरी, नाहीतर गळा तरी. तिन्ही एकदम लावलेत तर कार्डाचं प्रदर्शन होतं. आणि आईची पैठणी कात्रीखाली घालू नका हं! उरलेले, विरलेले तुकडेच वापरा.

ब्लाउजच्या पाठीचं कार्ड

माझ्या शाळेतल्या मुलींना सर्वांत आवडलेला प्रकार हाच. दोरीची गाठ सोडली की ब्लाउजची पाठ दारासारखी उघडते आणि आत मजकूर!

साहित्य : ए-फोर मापाची जाड कार्डशीट, ब्लाउजपीसचा तुकडा, गळ्याला शिंपी लावतात ते इस्त्रीने चिकटणारं कॅनव्हास, बारीक दोरी, पातळ लेस, फेव्हिकॉल आणि चपटा ब्रश. साधी शीट चालते. पण हातकागद मिळाला तर फारच छान. पुण्यात १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणी हा कागद सुती चिंध्यांच्या लगद्यापासून करतात. म्हणजे कार्डाचा कागदही मुळात कापडाच्याच घरचा!

कृती : कागद आडवा ठेवा. तो २९.७ सेंटिमीटर लांब असतो. डाव्या आणि उजव्या कडेपासून ७.४ सेंटिमीटरवर उभ्या रेघा आखा. रेघेवर पट्टी धरून शाई संपलेल्या रिफिलचं टोक दाबून फिरवा, म्हणजे घडी सुरेख बसते. दोन्ही बाजू आत दुमडल्या की मधोमध भेटतात. ही झाली ब्लाउजची पाठ.

आता गळा. रद्दी कागद दुमडून गोल किंवा मटका गळा कापून पाहा. खोली ६ सेंटिमीटर आणि अर्धी रुंदी ४ सेंटिमीटर पुरे. आकार पसंत पडला की दोन्ही पाखांवर तो आखून कापा. या गळ्यातून आतला कागद दिसतो, तिथे जिला कार्ड द्यायचं तिचं नाव सुरेख अक्षरात घाला.

कापडाला मागून कॅनव्हास लावून घ्या. त्याने कड दसकत नाही आणि फेव्हिकॉलचे डागही वर उमटत नाहीत. इस्त्री मंद ठेवा आणि कापडावर मलमलीचा रुमाल टाका. हल्लीची बरीच जर प्लॅस्टिकची असते, तापली की आक्रसते. कापड पाखाच्या मापाने कापा. फेव्हिकॉल कापडाला न लावता कागदाला, तोही अगदी पातळ, ब्रशने लावा. गळ्याच्या कडेला लेस चिकटवली की ओबडधोबड कड झाकते. मग कार्ड रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबून ठेवा. घाई केलीत तर कागद पापडासारखा वाकडा होतो.

सकाळी गळ्याच्या दोन्ही बाजूंना, वरच्या टोकाच्या जरा खाली, सुईने भोक पाडा. १५ सेंटिमीटरची एकेक दोरी ओवून आतून गाठ मारा आणि गाठीवर कागदाची चकती चिकटवा. बाहेर दोरीची फुलगाठ बांधली की कार्ड तयार!

हाताशी वेळ नसेल तर

ए-फोर कागद मधोमध कापून एक अर्धा घ्या आणि तो दुमडा. साधारण पोस्टकार्डाएवढं कार्ड होईल. वरच्या पानाला चौकोनी खिडकी कापा, मागून काठाचा तुकडा लावा आणि त्याची उलटी बाजू कागदाने झाकून टाका. कापडाच्या कडा दिसतच नाहीत, त्यामुळे नवखीलासुद्धा हे साधतं. खिडकीत नारळी काठ किंवा बुट्टी बरोबर मध्ये येईल असं पाहा. तुकडा हातमागाच्या पैठणीचा असेल, तर नक्षी दोन्ही अंगांनी सारखीच विणलेली असते. एका अंगाला डाग असला तर खुशाल दुसरं अंग वर घ्या.

पोस्टाने पाठवायचं असेल तर लक्षात ठेवा, पत्राच्या वजनाचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा असतो. छोटं कार्ड त्यात सहसा बसतं. ब्लाउजचं कार्ड मात्र पाकिटासकट त्यापुढे जातं. तेव्हा खिडकीवर वजन करून घ्या, नाहीतर तिकिटाची तूट पलीकडच्या माणसाला भरावी लागते. लटकन लावलंत तर ते कार्ड हातोहातच द्या.

पाठवायचं कुणाला?

खरं तर हाच प्रश्न मोठा. आपण कार्ड देतो ते बहुतेक अशांना, ज्यांच्याकडे असल्या हौसेला तोटा नसतो. जरा दुसरीकडेही पाहू या का?

आमच्या आळीत एक काकू आहेत. यजमान जाऊन पंधरा वर्षं झाली. संक्रांतीला हळदीकुंकवाची आमंत्रणं दारोदार फिरत, त्यांचं दार तेवढं वगळून. एका संक्रांतीला मी काळ्या खणाच्या तुकड्याचं छोटं कार्ड केलं. त्यावर काडीच्या टोकाने पांढऱ्या रंगाचे ठिपके दिले, हलव्याच्या दाण्यांसारखे. आत लिहिलं, ‘तिळगूळ घ्यायला नक्की या.’ काकूंनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं, बोटाने चाचपलं आणि म्हणाल्या, ‘‘हा गुळेदगुड्डचा दिसतो गं. आता म्हणे याच्या साड्याच येतात? दाखव बघू मला एकदा!’’ एवढ्याशा तुकड्यावरून अर्धा तास गप्पा रंगल्या. पन्नाशीपर्यंत स्वतःचे ब्लाउज स्वतः शिवणारी ही बाई. पण नव्या कापडाबद्दल गेल्या कित्येक वर्षांत त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

संक्रांतीला त्या आल्या. दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिलं, हे खोटं कशाला सांगू? पण सासूबाईंनी स्वतः उठून त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि विषय तिथेच मिटला. त्यांच्यासारख्या सासूबाई सगळीकडे नसतात, हेही खरं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. मोठीच गोष्ट ती. पण ठराव गावाने करायचा असला, तरी हाक शेजारणीनेच मारायची असते. तोंडाने मारायला संकोच वाटला, तर कार्डाने मारा.

विधवा शेजारीण, अंथरुणाला खिळलेली आत्या, परगावी एकटी राहणारी मावशी, यांच्यापर्यंत नवे रंग आपणहून पोचत नाहीत. त्यांच्यासाठी निवडताना फिका, ‘वयाला शोभेलसा’ तुकडा शोधू नका. आपण जो हौसेने अंगावर घातला, त्यातलाच द्या.

आणि हो, कार्ड पुरं झालं की पाठीमागे बारीक अक्षरात साल आणि कापडाचं नाव लिहा. ‘कशाचा गं हा तुकडा?’ असं विचारायला तरी ती तुम्हाला फोन करीलच!