लोकल उरणला पोहोचली, आता अलिबाग

12 जानेवारी 2024 रोजी शिवडी ते न्हावा शेवा हा 21.8 किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला आणि त्या दिवसाच्या बातम्यांमधली बहुतेक जागा त्यानेच घेतली. त्याच समारंभात आणखी एक उद्घाटन उरकले गेले. खारकोपरला अडलेली लोकल उरणपर्यंत सुरू झाली. पुलावरून मोटार न्यायची तर तेव्हा एका फेरीला 250 रुपये टोल होता. उरणच्या गाडीत बसायला लोकलचे साधे तिकीट पुरते. उरण तालुक्यातल्या नोकरदाराचा, कॉलेजला जाणाऱ्या मुलीचा, मासळी घेऊन निघालेल्या कोळणीचा दिवस बदलण्याची ताकद पुलापेक्षा या गाडीत अधिक आहे.

उरण मुंबईच्या समोर आहे, पण खाडीपलीकडे. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला लाँच जाते, मात्र मोरा बंदरात गाळ साचतो आणि मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही. दुसरा मार्ग रस्त्याचा. न्हावा शेवा बंदर 1989 मध्ये सुरू झाल्यापासून त्या रस्त्यावर कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरची रांग संपलेली नाही. एवढ्या जवळच्या गावाला रेल्वे यायला इतकी वर्षे का लागावीत?

उत्तराचा एक भाग पैशांचा आहे. नवी मुंबईतले लोकलचे मार्ग एकट्या रेल्वेने बांधलेले नाहीत. 1992 साली मानखुर्दहून वाशीला गाडी आली तेव्हाच सूत्र ठरले होते, 67 टक्के खर्च नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोचा आणि 33 टक्के रेल्वेचा. स्टेशन झाले की भोवतालच्या जमिनीचा भाव वाढतो, आणि जमीन सिडकोच्या हातात होती. त्यामुळे हा हिशेब जमला. वाशी आणि बेलापूरच्या स्टेशनांवर कचेऱ्यांच्या इमारती उभ्या आहेत त्या याच विचारातून. सुमारे 27 किलोमीटरच्या उरण मार्गालाही हेच सूत्र लागू झाले. 1990च्या दशकात मंजूर झालेल्या या मार्गाचा खारकोपरपर्यंतचा टप्पा नोव्हेंबर 2018 मध्ये सुरू झाला आणि उरला तो आणखी पाच वर्षांनी.

मध्ये आडवी आली खारफुटी, वनखात्याची परवानगी आणि सगळ्यात जास्त जमीन. या जमिनीला इतिहास आहे. जानेवारी 1984 मध्ये सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, जासई-दास्तान फाटा परिसरात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. अशा भागात रूळ टाकताना मोजणीचा नकाशा दाखवून भागत नाही. रांजणपाड्याऐवजी धुतूम, द्रोणागिरीऐवजी बोकडवीरा अशी आपल्या गावांची नावे स्टेशनांना मिळावीत, ही गावकऱ्यांची मागणी त्या आठवणीतूनच आली. ती पूर्णपणे रास्त होती.

पैसा आणि जमीन मिळाली तरी तिसरी अडचण उरते ती विजेची, आणि ती प्रवाशाला दिसत नाही. 3 फेब्रुवारी 1925 रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली ती 1500 व्होल्टच्या डीसी विजेवर. पुढे मध्य रेल्वेवर ही वीज इगतपुरी आणि पुण्यापर्यंत गेली. म्हणून कसारा, कर्जत, खोपोलीपर्यंत लोकल नेणे सोपे झाले. पश्चिम रेल्वेवर मात्र डीसी विरारला संपत असे आणि पुढे गुजरातकडे 25,000 व्होल्टची एसी वीज होती. विरारपर्यंत लोकल आणि पुढे वेगळी गाडी, ही पालघरकरांची जुनी तक्रार. तिच्या मुळाशी मोठ्या प्रमाणात ही वीज होती. 2012 मध्ये पश्चिम रेल्वेवरचे रूपांतर पूर्ण झाले, आणि 16 एप्रिल 2013 रोजी चर्चगेटपासून 124 किलोमीटरवरच्या डहाणू रोडपर्यंत लोकल सुरू झाली. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी 1853 साली सुटली तोही 16 एप्रिलच होता.

डहाणूच्या विस्ताराने एक धडाही दिला. विरारच्या पुढे वर्षानुवर्षे दोनच रूळ. त्यांवरून लोकल, गुजरात आणि दिल्लीच्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या, सगळ्यांनीच जायचे. लोकल वाढवायची तर जागाच नाही. सफाळे, केळवे रोड, बोईसरच्या प्रवाशाला गाडी मिळाली, पण हव्या तेवढ्या गाड्या मिळाल्या नाहीत. म्हणून 2016 मध्ये मंजूर झालेल्या एमयूटीपी-3 या मुंबईच्या उपनगरी रेल्वे प्रकल्पात विरार ते डहाणू 64 किलोमीटरचे चौपदरीकरण घेतले गेले. आधी रूळ आणि मग गाडी हा क्रम इथे उलटा झाला, आणि त्याची किंमत प्रवासी दारात लटकून मोजतात.

याच प्रकल्पात पनवेल ते कर्जत हा सुमारे 29 किलोमीटरचा दुहेरी उपनगरी मार्ग आहे. त्यात वावर्ले येथे अडीच किलोमीटरहून लांब बोगदा आहे. नवी मुंबईकराला कर्जतसाठी ठाणे-कल्याणचा वळसा घ्यावा लागतो, तो या मार्गाने वाचेल. चौक स्टेशनमुळे इर्शाळगड आणि प्रबळगडाकडे जाणाऱ्यांचीही सोय होईल.

मग अलिबाग? मुंबईकरांच्या सुट्टीचे हे सर्वांत आवडते ठिकाण. किहीम, नागाव, कुलाबा किल्ला आणि पुढे मुरूड-जंजिरा. गेटवेहून मांडव्याला लाँच आहे, पण पावसाळ्यात ती बंद असते. मार्च 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो जहाज जाते, तेही हवामान पाहून. उरतो वडखळवरून जाणारा रस्ता. शनिवार-रविवारी तिथे किती वेळ मोडतो हे अलिबागकराला सांगायला नको.

आणि तरीही अलिबागच्या उंबरठ्यापर्यंत रूळ आहेत. थळच्या आरसीएफ खत कारखान्यासाठी पेणहून टाकलेला मार्ग अनेक वर्षे खताची वाहतूक करतो आहे. पेणला पनवेल-रोहा मार्गावरची मेमू येते. म्हणजे नवा डोंगर फोडायचा नाही, खाडीवर नवा पूल बांधायचा नाही. प्रवासी वाहतुकीला लागणारी सिग्नल यंत्रणा, फलाट आणि कारखान्याशी करार एवढे जुळवायचे आहे. हे काम बिनखर्चाचे नाही, पण उरणच्या तुलनेत जमिनीचा प्रश्न कितीतरी लहान आहे.

फक्त उरणची चूक पुन्हा होऊ नये. उरणला सुरुवातीला साधारण तासाला एक गाडी मिळाली. एक चुकली की प्रवासी रस्त्यावर येऊन रिक्षा शोधतो. थळहून पुढे एसटी उभी नसेल तर अलिबागलाही तेच होईल. मांडव्याच्या काही लाँचवाल्यांनी हे केव्हाच ओळखले आहे. त्यांच्या तिकिटातच अलिबागपर्यंतची बस धरलेली असते. रेल्वे आणि एसटी महामंडळ या दोन्ही सरकारी संस्था आहेत. एका तिकिटावर दोन्ही प्रवास देणे त्यांना अशक्य नाही.

मध्य रेल्वे, आरसीएफ आणि राज्य सरकार यांनी एकत्र बसून पेण-थळ मार्गावर प्रवासी गाडीची तारीख जाहीर करावी, आणि रायगडच्या लोकप्रतिनिधींनी ती मागत राहावी.