खोकला आहे, पण काम काय करता?

"काम काय करता?" असं विचारलं की आमच्या ओपीडीत बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, "कंपनीत." पनवेलला तळोजा, कळंबोली, ठाणे-बेलापूर पट्ट्याचा शेजार असल्याने या उत्तराचं कुणाला नवल वाटत नाही. गर्दीत डॉक्टरही पुढे विचारत नाहीत. मीही कित्येक वर्षं विचारत नव्हतो. पण काही आजारांचं निदान त्या पुढच्या प्रश्नातच दडलेलं असतं. बेरिलियममुळे होणारा फुप्फुसाचा आजार हा त्यातलाच एक.

बेरिलियम हा ॲल्युमिनियमपेक्षाही हलका आणि अतिशय ताठ धातू. अणुऊर्जा आणि अवकाश क्षेत्रात तो लागतो. जवळच वाशीला भाभा अणुसंशोधन केंद्राचा बेरिलियम प्रकल्प आहे. अशा ठिकाणी आपण कोणता धातू हाताळतो, हे कामगाराला माहीत असतं. खरी काळजी आहे ती हे नावही कानावर न पडलेल्यांची. तांब्यात साधारण 2 टक्के बेरिलियम मिसळून ठिणगी न उडवणारे पाने, हातोड्या, स्प्रिंगा, विजेचे कनेक्टर आणि प्लास्टिकचे साचे बनवतात. दातांच्या कॅपसाठी वापरल्या जाणाऱ्या काही निकेल-क्रोमियम मिश्रधातूंतही ते असतं. तयार पाना हातात धरल्याने काही होत नाही. तो घासताना, कापताना किंवा धातू वितळवताना उडणारी बारीक धूळ आणि धूर श्वासात गेला, की धोका.

ही धूळ गेलेल्या प्रत्येकाला आजार होत नाही. काहींच्या शरीरातल्या रोगप्रतिकारक पेशी बेरिलियमला शत्रू मानू लागतात. याला संवेदनशीलता म्हणतात. या टप्प्यावर त्रास काहीच नसतो, एक्स-रेही स्वच्छ असतो. पुढे यांपैकी काहींच्या फुप्फुसांत बारीक गाठी धरतात. कोरडा खोकला, जिना चढताना दम, थकवा, वजन घटणं, कधी ताप अशी लक्षणं दिसू लागतात. काम सोडल्यावर दहा-वीस वर्षांनीही हे घडू शकतं.

ही लक्षणं वाचून आपल्याकडे कुणालाही आधी टीबीच आठवेल. तो तपासायलाच हवा. पण थुंकीत जंतू सापडत नाहीत आणि औषधांनी उतार पडत नाही, तेव्हा कामाची चौकशी व्हायलाच हवी. सार्कॉइडोसिस नावाचा आजारही हुबेहूब असाच दिसतो. अमेरिकेत 1946 मध्ये डॉ. हॅरिएट हार्डी यांनी ट्यूबलाइटच्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये हा विकार नोंदवला, तेव्हाही आधी सार्कॉइडोसिसचाच समज होता. ओहायो राज्यातल्या लोरेन इथे तर कारखान्यात पाऊलही न ठेवलेले शेजारी आजारी पडले. कामगाराच्या कपड्यांवरची धूळ घरच्यांनाही बाधू शकते, हेही तेव्हाच कळलं.

रक्तातल्या पेशी बेरिलियमच्या क्षाराबरोबर वाढवून संवेदनशीलता ओळखता येते. ही चाचणी गावातल्या लॅबमध्ये होत नाही. त्यासाठी मोठ्या केंद्रातल्या छातीविकारतज्ज्ञाकडेच जावं लागतं. आजार समूळ बरा करणारं औषध नाही. स्टिरॉइडने त्रास आटोक्यात ठेवता येतो, पण धुळीपासून दूर होणं हा उपचाराचा पाया. निदान चुकलं, तर गोळ्या घेऊन माणूस पुन्हा त्याच ग्राइंडरसमोर उभा राहतो.

म्हणून मिश्रधातू घासणाऱ्यांनी आणि दातांच्या लॅबमध्ये काम करणाऱ्यांनी मालकाकडे धातूच्या घटकांचा कागद मागावा. जागेवर धूळ ओढून घेणारी यंत्रणा हवी. झाडू किंवा हवेचा पाइप न वापरता ओल्या फडक्याने सफाई करावी. तोंडाला बांधलेला रुमाल म्हणजे मास्क नव्हे. कामाचे कपडे तिथेच बदलावेत, अंघोळ करून घरी जावं.

कारखाना अधिनियम, 1948 मध्येही नोंद करण्याजोग्या आजारांच्या यादीत बेरिलियम विषबाधेला स्थान मिळालं. म्हणजे डॉक्टरने असा रुग्ण कळवणं ही मेहरबानी नाही, कर्तव्य आहे. मात्र त्यासाठी आधी तो ओळखता यायला हवा.

तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टरांनी काम विचारलं, तर "कंपनीत" एवढ्यावर थांबू नका. काय घासता, काय वितळवता, किती वर्षं, आणि त्याआधी कुठे होतात, हे सांगा. डॉक्टरांनी विचारलं नाही, तरी सांगा.