गंगूबाई आणि मागचा तंबोरा

मराठी रसिकाच्या मनात किराणा घराण्याचा नकाशा पुण्यात सुरू होतो आणि मिरजेत संपतो. फार झालं तर बोट हुबळीपर्यंत सरकतं, तेही भीमसेन जोशींमुळे. धारवाड-हुबळीच्या पट्ट्यानं हिंदुस्तानी गायकीला इतके आवाज का दिले, याचं उत्तर देताना हवेची आणि पाण्याची स्तुती करून लोक मोकळे होतात. हवापाणी असेलही. पण हा भाग मुंबई इलाख्यात होता, मराठी नाटक कंपन्यांचे मुक्काम इथे पडत आणि म्हैसूर दरबाराकडे जाणारे उस्ताद याच वाटेनं जात. भास्करबुवा बखले धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात संगीत शिकवत होते. अण्णासाहेब किर्लोस्करही बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचेच. कन्नड घरात मराठी पद आणि हिंदुस्तानी चीज एकाच वेळी ऐकू येई, ती अशी.

गंगूबाई हनगल यांचा जन्म धारवाडच्या शुक्रवारपेठेतला, ५ मार्च १९१३ चा. आई अंबाबाई कर्नाटक संगीत गायच्या आणि चांगल्या गायच्या. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब धारवाडला आले की त्यांचं गाणं ऐकायला घरी येत. मुलीचा ओढा हिंदुस्तानीकडे आहे हे दिसल्यावर, आपल्या गायकीची छाया तिच्यावर पडू नये म्हणून या बाईंनी आपलं गाणं आवरतं घेतलं. आयांच्या त्यागाच्या गोष्टी आपल्याकडे उदंड आहेत, पण गवयानं स्वतःचा गळा बंद ठेवणं म्हणजे काय, ते गाणाऱ्यालाच कळेल. अंबाबाई १९३२ साली गेल्या. मुलीचं मोठेपण त्यांना पाहायला मिळालं नाही.

शेजार ब्राह्मणवस्तीचा होता आणि अंबाबाईंच्या घराकडे तो कोणत्या नजरेनं बघे, हे सांगायला एक प्रसंग पुरतो. गंगूबाई तो स्वतः सांगत. लहानपणी शेजारच्या बागेतले आंबे चोरताना त्या सापडल्या, तेव्हा घरमालकाला राग आला तो चोरीचा नव्हता. गाणाऱ्या बाईच्या मुलीनं बागेत पाय ठेवला याचा होता. पुढे नाव झाल्यावर त्याच लोकांनी त्यांना घरी जेवायला बोलावलं. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये गांधीजींच्या समोर स्वागतगीत गायला उभ्या राहिलेल्या अकरा वर्षांच्या मुलीला गाण्याची चिंता नव्हती. जेवणानंतर आपल्याला उष्टी काढायला तर लावणार नाहीत ना, ही धास्ती होती.

१९२८ मध्ये मुलीच्या शिक्षणासाठी कुटुंब हुबळीला आलं. तिचे पहिले गुरू कृष्णाचार्य हुळगूर. ते किन्नरी वाजवत. किन्नरी म्हणजे भोपळे लावलेलं जुनं तंतुवाद्य, आज बहुतेकांनी चित्रातच पाहिलेलं. कृष्णाचार्यांनी वर्षभरात साठेक चिजा शिकवल्या. तारेच्या वाद्यावर बोट ठेवून स्वर शोधणाऱ्या माणसाकडून मिळालेला हा पहिला धडा पुढच्या सगळ्या गाण्यात ऐकू येतो, असं मला वाटतं. स्वर आधी जागेवर, मग बाकी सगळं. पुढे दत्तोपंत देसाईंकडे काही काळ शिकणं झालं.

खरी तालीम मात्र कुंदगोळला झाली. हुबळीहून बंगळुरूकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचं हे लहानसं गाव तेव्हा जमखंडी संस्थानच्या पटवर्धनांच्या अमलाखाली होतं. इथले रामभाऊ कुंदगोळकर मराठी रंगभूमीनं ‘सवाई गंधर्व’ केले. नाटक कंपन्यांतून निवृत्त होऊन ते गावी आले, तेव्हा गंगूबाई हुबळीहून रोज आगगाडीनं ये-जा करून शिकू लागल्या. हा क्रम सुमारे तीन वर्षं चालला. घर, मुलं, मैफली सांभाळून तालमीसाठी रोज गाडी धरायची आणि संध्याकाळी परतायचं. भीमसेन त्याच गुरुगृही राहत होते, फिरोज दस्तूरही याच शिष्यवर्गातले. रामभाऊंची रीत एकच स्वरवाक्य महिनोन्महिने घोटून घ्यायची होती. कंजूष जसा पैसा खर्चतो तसा स्वर खर्च करावा, असं गुरूंनी सांगितल्याचं गंगूबाई म्हणत. भैरव, तोडी, मारवा, पूरिया, चंद्रकंस हे त्यांचे राग ऐकताना ही काटकसर लगेच ओळखू येते.

आवाजाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. तरुणपणी ‘गांधारी’ या नावानं ध्वनिमुद्रिका निघाल्या, तेव्हा गळा बारीक, वर धावणारा होता. जी. एन. जोशींबरोबरचं मराठी द्वंद्वगीत त्याच काळातलं. पुढे टॉन्सिलवर शस्त्रक्रिया झाली आणि गळा खाली उतरला, भारदस्त झाला, इतका की रेडिओवर ऐकणारे पुरुष गातोय असं समजत. हा किस्सा प्रत्येक लेखात येतो आणि प्रत्येकजण तो चमत्कारासारखा सांगतो. मला ते पटत नाही. गळा बदलला तेव्हा दुसरी कुणी गायिका गाणं सोडून बसली असती. गंगूबाईंनी भजन, ठुमरी बाजूला ठेवली आणि त्या गळ्याला शोभेल असा विलंबित ख्याल धरला. हिराबाई बडोदेकरांचा मृदू, मधुर पोत डोक्यात असलेल्या श्रोत्यांना हा मर्दानी स्वर रुचायला वेळ लागला, पण कुंदगोळच्या पद्धतीवर त्यांनी हा गळा घडवला. शस्त्रक्रियेनं आवाज दिला, गाणं नाही.

तंबोरेही त्याप्रमाणे बदलावे लागतात. षड्ज खाली आला की मोठा भोपळा आणि जाड तारा लागतात, नाहीतर तार सैल पडून जवारी, म्हणजे तारेचा झंकार, विझते आणि गायिका एका बाजूला, तंबोरा दुसऱ्या बाजूला राहतो. 

मैफलीत गंगूबाईंच्या मागच्या तंबोऱ्यांपैकी एकावर मुलगी कृष्णाबाई असे. तबल्यावर बहुधा घरातलेच शेषगिरी हनगल. कृष्णाबाईंचं काम नुसतं तारा छेडण्याचं नव्हतं. आई खालच्या आणि मधल्या सप्तकात रागाची इमारत उभारत जाई आणि तार सप्तकात जिथे गळा आता जात नसे, तिथे मुलीचा बारीक, स्वच्छ स्वर येऊन भर घाले. दोघींमध्ये पुढे आणि मागे असा ठरीव हिशोब नव्हता. एकीनं सोडलेली ओळ दुसरी उचलून नेई. ध्वनिमुद्रिकांच्या पाकिटांवर मात्र कृष्णाबाईंचं नाव कोपऱ्यात जाई. स्वतंत्र कलावंत म्हणून त्यांची फारशी दखल घेतली गेली नाही, आणि घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी त्यांना ‘साथ’ या एका शब्दात उरकलं. स्वतः गंगूबाईंनी म्हटलं होतं की पुरुष गवई पंडित होतो, उस्ताद होतो आणि बाया मात्र बाईच राहतात. कृष्णाबाईंच्या वाट्याला ते ‘बाई’देखील नीट आलं नाही.

मानसन्मान भरपूर मिळाले: १९७१ मध्ये पद्मभूषण, १९७३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २००२ मध्ये पद्मविभूषण. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ पुण्यात १९५३ साली भीमसेनजींनी सुरू केलेल्या महोत्सवात गंगूबाई वर्षानुवर्षं गायल्या. कृष्णाबाई २००४ मध्ये कर्करोगानं गेल्या. गंगूबाईंनी स्वतः त्याच रोगाशी झुंज दिली होती. २००६ मध्ये, मुलीवाचून, त्यांनी अखेरची मैफल केली. २१ जुलै २००९ रोजी हुबळीत त्या गेल्या, तेव्हा वय ९६ होतं आणि नेत्रदान आधीच ठरलेलं होतं. म्हैसूरला त्यांच्या नावाचं संगीत विद्यापीठ आहे.

माझी विनंती एवढीच. या दिवाळीत गंगूबाईंची जुनी ‘गांधारी’ तबकडी आणि नंतरचा एखादा मारवा पाठोपाठ ऐका. दुसऱ्यांदा ऐकताना पुढचा आवाज सोडून मागचा धरा. आणि कुणी नव्यानं ही ध्वनिमुद्रणं प्रकाशित करणार असेल तर कृष्णा हनगल हे नाव आईच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत छापावं.