वीज गेली मुंबईला, पाणी उरले आपल्याला

मंडळी, भिवपुरी रोड स्टेशनावर उतरून कुणी पाहुण्याने 'भिवपुरी गाव कुठे?' असे विचारले की इथला माणूस आधी हसतो. स्टेशनच्या नावाला 'रोड' जोडलेला दिसला की ओळखावे, गाव लांब आहे! भिवपुरी आहे ती सह्याद्रीच्या पायथ्याशी, टाटांच्या पॉवर हाऊसजवळ. आणि आज आपल्याला बोलायचे आहे ते त्या पॉवर हाऊसमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याविषयी.

घाटावर मावळात आंध्रा नावाची नदी आहे. ती मूळची पूर्वेकडे वाहणारी. इंद्रायणीला मिळायची, तिथून भीमेला, आणि शेवटी थेट बंगालच्या उपसागराला. टाटांच्या कंपनीने ठोकरवाडीला धरण बांधून तिला अडवले, डोंगराच्या पोटातून बोगदा काढला आणि पाणी सुमारे 500 मीटर खाली भिवपुरीला आणले. 1922 साली इथे वीज तयार होऊ लागली. खोपोलीचे केंद्र त्याआधी 1915 पासून चालू होते. धरणाच्या पाण्याखाली मावळातली शेते गेली. त्याच सुमारास शेजारच्या मुळशीत धरणाविरुद्ध सेनापती बापटांचा सत्याग्रह पेटला होता. वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांना गेली.

पाणी मात्र खालीच राहिले. यंत्राची चाके फिरवून ते पेज नदीत पडते, म्हणून वैशाखातही पेज वाहती दिसते. राजनाला कालव्याने हेच पाणी शेतात जाते आणि कर्जत तालुक्यात उन्हाळी भात पिकते. कोकणात बाकी ठिकाणी पावसाचे एक पीक घेऊन वर्ष काढायचे, तिथे इथला शेतकरी पौष-माघात पुन्हा चिखलणी करतो! कितीतरी गावांच्या नळयोजनाही याच नदीवर आहेत.

पण वाचकहो, या पाण्याचा सातबारा आपल्या नावावर नाही. शहराला वीज हवी म्हणून ते येते. केंद्र दुरुस्तीसाठी बंद राहिले की नदी उतरते, आणि नळाला पाणी का नाही म्हणून आपण बिचाऱ्या शिपायाला धारेवर धरतो. ऑगस्ट 2023 मध्ये राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात भिवपुरीला 1000 मेगावॉटचा नवा प्रकल्प उभारण्याचा करार झाला. या जातीच्या प्रकल्पात विजेची मागणी कमी असते तेव्हा खालचे पाणी पंपाने वर चढवतात आणि मागणी वाढली की तेच पुन्हा खाली सोडतात. तेव्हा आपण विचारायचा प्रश्न साधा आहे: पेजेत आणि राजनाल्यात किती पाणी येणार, आणि कोणत्या महिन्यात? हा प्रश्न चहाच्या टपरीवर विचारून उपयोग नाही. ग्रामसभेत ठराव करून, कागदावर विचारावा लागतो.

ग्रामसभा म्हटली की आपण टाळतो. मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सभासद असतो. गणपूर्तीसाठी एकूण सभासदांच्या 15 टक्के किंवा 100, यातील जो आकडा कमी असेल तेवढी माणसे लागतात. तेवढी जमली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. म्हणजे आपण घरी बसलो तर ओट्यावरची पाच-सात डोकी गावाचा निर्णय करून मोकळी! बायाबापड्यांनी तर हे जरूर लक्षात ठेवावे, कारण नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असे कायद्यातच आहे. हंडा उचलणारीला नळाची वेळ जेवढी कळते, तेवढी कुणाला कळणार?

नळाचे पाणी पंचायतीच्या हाती आले की जबाबदारी तिची. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये माणशी दररोज 55 लिटर हे माप धरले आहे. टाकीत टीसीएल पावडर टाकण्याचे काम जलसुरक्षकाचे. पावडर संपली, डबा उघडा राहून तिचा जोर गेला, तर पावसाळ्यात घराघरांत जुलाब सुरू होतात. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाण्याच्या ठिकाणांची स्वच्छता पाहणी होते आणि गावाला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. लाल म्हणजे धोका जास्त, हिरवे म्हणजे कमी. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे हे सहसा कुणाला माहीत नसते. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे जाऊन ते पाहून यावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आता पट्टीविषयी. 'पाणी नाही तर पाणीपट्टी कशाला?' असे म्हणून पुष्कळ जण घरपट्टीही थकवतात. पण मोटारीचे वीजबिल, गळकी पाइप आणि पावडर यांचा खर्च याच पैशातून चालतो. भरलेल्या पट्टीची पावती हातात असली की सभेत आवाजही चढा लावता येतो. आणि हो, मागणीचे बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य अपात्र ठरू शकतो, मग तो सरपंच का असेना. येत्या सभेला थकबाकीची यादी वाचून दाखवायला सांगा, आणि पहिली काही नावे नीट कान देऊन ऐका.